हातचा एक

फॉर्मवर दोन रकाने आहेत, मेन्ना सांगते.
एक पक्की निवड, एक हातची.
मार्क घसरले तर हातचीवर यायचं.

मी साखर ढवळत राहतो.
आमच्या शाळेतही हातचा असायचा,
बेरजेत डोक्यावर बारीक लिहून ठेवायचा एक.
मी तो नेमका विसरायचो.
म्हणून बस चालवतोस, डेलिथ म्हणते,
आणि रात्रपाळीची पिशवी उचलून निघते
दुसऱ्यांच्या आयांना कूस बदलून द्यायला.

लीड्सला आम्ही दोघं गेलो, माझ्या सुटीच्या शनिवारी,
तीन गाड्या बदलून.
काचेची इमारत. फुकट पेन. फुकट केळं.
जांभळ्या टी-शर्टातला एक पोरगा मला सर म्हणाला,
मी मागं वळून पाहिलं कोण आलंय.
समाजशास्त्राच्या बाईंनी पडद्यावर नकाशा लावला:
गरिबी जास्त तिथं रंग गडद.
नकाशा पश्चिमेला सरकत गेला, वेल्समध्ये शिरला,
डोंगर चढला,
आणि आमची गल्ली आली.
गडद निळी.
चॅपेल, चिप्सचं दुकान, ह्यूचं गॅरेज,
आमचा पिवळा दरवाजासुद्धा
एकाच शाईत.
बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या,
इथली फार थोडी मुलं इथवर पोचतात.
दुसऱ्या 'इथ'ला त्यांचा हात जरा वर गेला.
मी माझे बूट बघत होतो.
मेन्ना लिहून घेत होती.

जवळचं विद्यापीठ माझ्याच बसच्या टप्प्यात आहे,
दीड तास, शेवटचा थांबा, समोर समुद्र.
तिथं विभाग म्हणजे चार खोल्या आणि एक किटली.
म्हाताऱ्या प्राध्यापकांनी वेल्शमध्ये विचारलं,
कुणाची गं तू?
तिनं सांगितलं.
म्हणजे ओवेन पाटीवाल्याची पणती!
झालं. पुढचा अर्धा तास ते माझ्याशीच बोलत बसले.
परतताना ती वरच्या मजल्यावर जाऊन बसली,
मला आरशात दिसणार नाही अशी.

ओवेन माझे आजोबा.
खाणीत पाटीचा दगड फोडायचे.
दहा गाड्या दगड काढला की एक गाडी पाटी,
उरलेल्या नऊ अजून आमच्या खिडकीसमोर पडून आहेत,
पाहुणे त्यांना डोंगर समजतात.
जेवणाच्या सुटीत खोपटात माणसं वाद घालायची,
मजुरी, मालक, देव, मतदान,
आणि आजोबा वहीत टिपून ठेवायचे:
कोण काय बोललं, कुणाचं पटलं,
चहा कुणी सांडला.
ती वही हल्ली मेन्नाच्या उशाशी असते.
पदवी नव्हती त्यांच्याकडे. वही होती.

हातचं सोडून पळत्यापाठी लागू नये,
हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं मंगळवारी.
बिस्किटाबरोबर गिळलं.
कर्जाचा आकडाही गिळला,
तो मात्र घशात बसलाय.

काल रात्री तिनं फॉर्म उघडला.
आईवडिलांपैकी कुणी पदवीधर?
नाही.
डॅड, डबलडेकरचा परवाना चालेल का?
मी म्हटलं, विचारून बघ.
मग बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, त्या बाईंना विचारायचंय मला,
तो निळा कोण भरतं?
म्हणजे आमच्या दारात येऊन कुणी
काही विचारलं होतं का कधी?
मी म्हटलं, मीटर बघायला आला होता एकजण.
ती हसली नाही.
तिनं ते वहीत लिहिलं,
आजोबांच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानावर.

कुठल्या रकान्यात काय भरलं, मी विचारलं नाही.
आज सकाळी सहा चाळीसची गाडी.
ती चढली, कार्ड टेकवलं,
इतर प्रवाशांना म्हणते तसंच मला म्हणाली, थँक्यू ड्रायव्हर,
आणि पुढच्याच सीटवर बसली,
आरशात दिसेल अशी.

पहिल्या वळणावर मी गिअर जरा उशिरा टाकला.